जुन्या चुलीच्या कोनाड्यात पेलेटची भट्टी: साडेसात महिने आणि 51,000 रुपये

आमचं घर नागपूरच्या महाल भागात, जुन्या वाड्याचा एक हिस्सा. घरून डबे देते. सकाळ-संध्याकाळ मिळून चाळीस-बेचाळीस डबे, म्हणजे वरण, भात, पोळ्या, एक ओली भाजी, एक सुकी, आणि गुरुवारी पाटोडीची रस्साभाजी. हाताखाली एक बाई आणि घरात सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते. हे सगळं गॅसच्या निळ्या, म्हणजे व्यावसायिक टाक्यांवर चालायचं. महिन्याला सात टाक्या, एकोणीस किलोची एक, मला तेव्हा 1,900 च्या आसपास पडायची. लाल, म्हणजे घरगुती टाकी धंद्याला वापरता येत नाही, हे माहीत नसणाऱ्यांसाठी सांगून ठेवते. वापरणारे वापरतात, पण एखाद्या दिवशी कोणी तपासायला आलं तर टाकीही जाते आणि झोपही.

मे 2024 मध्ये हिशोबाची वही काढून बसले तर गॅसचे तेरा हजार तीनशे महिन्याला. डब्यामागे दहा रुपये वाढवले असते तर विद्यार्थी पोरं गेली असती. तेवढ्यात एका लग्नात कॅटररकडे पेलेटवर चालणारी भट्टी पाहिली. धूर जवळजवळ नाही, ज्योत निळसर-पिवळी, आणि वर पन्नास लिटरचं पातेलं रटरटतंय. घरी येऊन आमच्या स्वयंपाकघरातल्या जुन्या चुलीच्या कोनाड्याकडे पाहिलं. गॅस आल्यावर तो कोनाडा बंद झाला, आता तिथे पिठाचे डबे होते. वर धुराडं होतं, तेही पत्रा लावून बंद केलेलं. मनात आलं, भट्टी बसवायला जागा तर तयारच आहे.

या एका विचाराने पुढचे साडेसात महिने खाल्ले. ज्यांच्या डोक्यात हेच आलं असेल त्यांच्यासाठी लिहिते आहे.

पेलेट म्हणजे काय, हे मलाही तोवर नीट ठाऊक नव्हतं. कापसाच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या, सोयाबीनचं कुटार, लाकडाचा भुसा असा माल वाळवून बारीक दळतात आणि प्रचंड दाबाने जाळीच्या भोकांतून बाहेर काढतात. बाहेर येतात त्या करंगळीपेक्षा बारीक, आठेक मिलिमीटर जाडीच्या कांड्या. त्यात गोंद घालावा लागत नाही. दाबाने माल तापतो, काडीतलंच लिग्निन नावाचं चिकट द्रव्य मऊ होतं आणि थंड झाल्यावर तेच सगळं धरून ठेवतं. आईंना हे समजावून सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हंजे पराटीच ना. आमी लहानपणी तेच जाळत होतो, कांड्या करायची काय गरज होती?" त्यांचं माहेर काटोलकडचं. कापूस निघाला की पऱ्हाट्या उपटून घरामागे रचायच्या आणि वर्षभर चुलीत घालायच्या. आता बोंडअळीमुळे फरदड (जुन्या झाडांवरच पुन्हा घेतलेला कापूस) ठेवू नका, झाडं लवकर काढा असं कृषी खातं सांगतं, आणि काढलेल्या पऱ्हाट्या बरेच शेतकरी बांधावरच पेटवून देतात. त्यातल्या काही आमच्या चुलीत पोचल्या तर वाईट काय, असं मला वाटलं.

गणित असं. एलपीजीच्या एका किलोत साधारण 11,000 किलोकॅलरी असतात, पेलेटच्या किलोत 3,500 ते 4,000. म्हणजे एक किलो गॅसला तीन किलो पेलेट. भट्टीत वाया जाणारी उष्णता धरली तर साडेतीन ते चार. माझ्या सात टाक्यांपैकी पाच भट्टीवर गेल्या तर 95 किलो गॅसच्या जागी साडेतीनशे किलोच्या आसपास पेलेट. पोळ्या आणि फोडण्या गॅसवरच ठेवायच्या, हे आधीच ठरवलं होतं. तव्याखालची आंच सेकंदाला कमी-जास्त करावी लागते, ते भट्टीला जमत नाही.

10 जूनला हिंगणा रोडवरच्या एका विक्रेत्याकडे गेलो. माझा नवरा सोबत होता, आणि त्याने पहिलाच प्रश्न विचारला तो शेवटी सगळ्यात महत्त्वाचा निघाला, "पेलेट कुठून आणायचे?" विक्रेता म्हणाला, "पेलेट तं कुठीबी भेटते साहेब, विदर्भात काडीकचऱ्याले काय कमी." आम्ही मान डोलावली. ऑक्टोबरात हे वाक्य मला दर रात्री आठवायचं.

भट्टी निवडताना दोन प्रकार पाहिले. एकात पेलेट हाताने टाकायचे, दुसऱ्यात वर पेटी असते आणि मोटरवरचा स्क्रू थोडे-थोडे पेलेट आत ढकलतो. दोन्हींत पंखा असतो. पंख्याची थोडी हवा खालून जाते, थोडी वरच्या भोकांतून, आणि वरची हवा धुरातला गॅस जाळते. म्हणून धूर कमी. मी स्क्रूवाली घेतली, कारण पोळ्या लाटताना दर पाच मिनिटांनी उठून मूठभर पेलेट टाकणं मला शक्य नव्हतं. किंमत जीएसटीसह 29,800. 24 जूनला दहा हजार आगाऊ दिले, "दहा दिवसांत येते" असं उत्तर मिळालं. आली 1 ऑगस्टला. अडतीस दिवस. या अडतीस दिवसांत मी बावीस फोन केले असतील, आणि प्रत्येक वेळी गाडी "निघालीच आहे" होती.

तो काळ वाया गेला नाही, कारण तेवढ्यात कागद करायचे होते. आमच्या आखीव पत्रिकेवर, म्हणजे मिळकतीच्या उताऱ्यावर, चार नावं आहेत. धुराडं वरच्या मजल्यातून, म्हणजे चुलत सासऱ्यांच्या खोलीच्या भिंतीतून जातं आणि कौलांतून बाहेर निघतं. भिंत सामायिक, छप्पर सामायिक. त्यामुळे एक साधं संमतिपत्र लिहिलं. काय बसवणार, कुठून नेणार, काही नुकसान झालं तर दुरुस्ती आमच्याकडे, असं त्यात लिहिलं. पुण्याच्या दिराने सही करून फोटो पाठवला, अमरावतीच्या नणंदेने पोस्टाने. वरचे काका मात्र ऐकेनात. "धुराडं माह्या बापानं बंद केलं, तू काहून उघडून राहिली?" तीन संध्याकाळी चहा घेऊन वर गेले. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी सही केली, पण खाली स्वतःच्या हाताने ओळ घातली, "धूर आल्यास बंद करावे." ती ओळ मी आजही जपून ठेवली आहे, कारण ती पुढे खरी ठरता-ठरता राहिली.

परवानगी लागते का हे विचारायला एका सरकारी कार्यालयातही तीनदा गेले. पहिल्यांदा सांगितलं दुसऱ्या टेबलावर जा, दुसऱ्यांदा दुसरं टेबल रजेवर, तिसऱ्यांदा एका साहेबांनी विचारलं, "पेलेट म्हणजे बंदुकीचे का?" शेवटी अर्ज लिहून दिला, दोन प्रती केल्या आणि एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतला. त्याचं उत्तर आजतागायत आलेलं नाही. पण उद्या कोणी तक्रार केली तर दाखवायला शिक्का आहे. कुठेही अर्ज दिलात तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.

आता मापाची गोष्ट. कोनाडा 34 इंच रुंद, 26 खोल. भट्टी 30 बाय 24. मी खूश. भट्टी घरी आल्यावर लक्षात आलं की वरच्या पेटीचं झाकण उघडायला आणखी चौदा इंच लागतात आणि कोनाड्याची कमान मधेच खाली येते. म्हणजे पेलेट भरायला दर वेळी भट्टी पुढे ओढायची? लोखंडी भट्टी, साठ किलोच्या आसपास. मिस्त्रीने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "ताई, कमान तोडली तं वरची भिंत बसते." शेवटी भट्टी सहा इंच पुढे आणून बसवली आणि तिच्याखाली भट्टीच्या विटांचा ओटा पुढे वाढवला. विटा आणि फायरक्ले 1,900 रुपये. झाकण उघडून, राखेचा कप्पा पूर्ण बाहेर ओढून, मागची जाळी काढून माप घ्या. विक्रेत्याच्या कागदावर फक्त बंद भट्टीचं माप असतं.

धुराडं उघडलं 12 ऑगस्टला. पत्रा काढला तेव्हा आधी कबुतराचं घरटं पडलं, मग विटांचा चुरा, मग इतकी काजळी की स्वयंपाकघर, मिस्त्री आणि मी एकाच रंगाचे झालो. त्या दिवशी डबे बंद ठेवावे लागले, बाकी दिवशी काम दुपारी दोन ते पाच या वेळातच केलं. मिस्त्री जुना, कामाचा माणूस. म्हणाला, पाइप टाकण्याआधी धूर करून बघू. खाली तसराळ्यात ओला कडुलिंब पेटवला. दोन मिनिटं धूर छान वर गेला. मग वरून काकूंचा आवाज आला, "अवं बाप्पा, आलमारीतून धूर निघून राह्यला!" भिंतीतला चुन्याचा माल जागोजागी सुटला होता आणि धुराडं वरच्या खोलीत अख्ख्या भिंतीला फुटलं होतं. काकांची ती ओळ तेव्हाच अमलात आली असती.

त्यामुळे जुन्या धुराड्यात नुसता धूर सोडायचा विचार मनात असेल तर काढून टाका. आतून अखंड पाइप न्यावाच लागतो. मी पाच इंची, 304 स्टीलचा, सोळा फूट घेतला. इतवारीत लोहाओळीत दोन दुकानं फिरून 11,200 ला मिळाला. एका दुकानदाराने स्वस्तातला जस्ताचा पत्रा पुढे केला होता, पण पेलेटच्या धुरात ओल आणि आम्ल असतं, पातळ पत्रा काही वर्षांत चाळणी होतो. पाइप कौलांच्या सागवानी वाशांजवळून जातो तिथे वासा आणि पाइप यांत जागा सोडून रॉकवूल (न जळणारी दगडी लोकर) गुंडाळलं. मिस्त्रीला हे पटलं नव्हतं, "सागवान काही जळत नाही ताई." मी म्हटलं जळतं. यावर आमचं एकमत झालं नाही, पण रॉकवूल लागलं.

3 सप्टेंबरला पाइप चढवायचा ठरला होता. तारीख ठरवताना कॅलेंडर पाहायचं राहिलं. पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे मारबत, वाईट ते सगळं घेऊन जा म्हणत काढलेली पुतळ्यांची मिरवणूक. महालात राहणाऱ्या बाईने हे विसरावं म्हणजे कमालच. सकाळपासून ढोल, गुलाल, रस्ता बंद, मिस्त्रीचा फोन बंद. दारात उभं राहून पिवळी मारबत पाहिली. बाजूची पोरं महागाई घेऊन जा, खड्डे घेऊन जा असं ओरडत होती. आई मागून हळूच म्हणाल्या, "धूर घेऊन जा गे मारबत." मग गणपती आले, मिस्त्री गावी गेला. पाइप चढला 9 तारखेला, टोपी आणि कौलांभोवतीचा पत्रा (1,300 रुपये) लागला 12 ला. मिस्त्रीची एकूण मजुरी 4,500.

16 सप्टेंबर, सोमवार. पहिली आग. बटण दाबलं, आतली तार लाल झाली, पहिली चार मिनिटं दाट पांढरा धूर, मग एकदम ज्योत धरली. वीस लिटर पाणी अठरा मिनिटांत उकळलं. मी घड्याळ लावून बसले होते. आईंनी भट्टीला हळदकुंकू लावलं. मी तेवढ्यात वहीत "18" लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

चौथ्या दिवशी शेजारच्या वहिनी दारात. त्यांच्या गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या साडीवर काळे ठिपके. पेटवतानाचा तो पहिला चार मिनिटांचा धूर वाऱ्याने त्यांच्याकडे जात होता, कारण आमच्या पाइपची टोपी आमच्या कौलांच्या कण्यापेक्षा खाली होती. चूक माझी. खर्च वाचवायला मी तीन फूट कमी केले होते. पुन्हा तीन फूट पाइप चढवला (त्याचे वेगळे पैसे लागले नाहीत, दुकानदाराने उरलेला तुकडा फुकट दिला), साडी ड्रायक्लीनला दिली, आणि वहिनींशी ठरवलं की भट्टी पहाटे सव्वापाचला पेटेल, त्या सातनंतर कपडे वाळत घालतील. बायकांमध्ये असे करार लवकर होतात, त्यांना स्टॅम्प पेपर लागत नाही.

आता खरा त्रास.

भट्टीसोबत विक्रेत्याने दहा पोती पेलेट दिले होते. दोन आठवड्यांपेक्षा थोडे जास्त चालले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात फोन केला तर म्हणे, "आमच्याकडं सध्या माल नाही, बुटीबोरीला विचारा." बुटीबोरीला विचारलं, कळमेश्वरला विचारलं, हिंगण्यात दोन ठिकाणी विचारलं. अकरा कारखाने. प्रत्येकाचा पहिला प्रश्न, "किती टन?" मी म्हणायची साडेतीनशे किलो. पलीकडे शांतता. एकाने स्पष्ट सांगितलं, "ताई, आमी ट्रकच्या खाली बोलत नाही." कारण नंतर कळलं. ऑक्टोबर 2021 मध्ये केंद्राने औष्णिक वीज प्रकल्पांना कोळशात पाच टक्के बायोमास मिसळणं बंधनकारक केलं. कोराडी, खापरखेडा ही वीज केंद्रं आपल्या उंबऱ्याला. वीज केंद्रांना आणि मोठ्या बॉयलरवाल्यांना शेकडो टन लागतात, तर माझ्या पोत्यांकडे कोण बघणार? विक्रेता खोटं बोलला नव्हता. पेलेट विदर्भात आहेत, भरपूर आहेत, फक्त ते ट्रकने मोजले जातात.

म्हणून भट्टी घेण्याआधी पेलेटवाला शोधा. तोंडी नको, एक पोतं विकत आणून बघा. दोन ठिकाणांहून मिळतंय याची खात्री झाली की मगच भट्टीचे पैसे द्या. मी उलट केलं आणि ऑक्टोबरचे सतरा दिवस भट्टीवर पुन्हा पिठाचे डबे ठेवून टाक्याच आणल्या. नवरा काही बोलला नाही. त्याने नुसतं पिठाच्या डब्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

शेवटी काटोल रोडवर एक लहान कारखाना सापडला. किमान एक टन, दर बारा रुपये किलो, वर पाच टक्के जीएसटी, टेम्पोचे 1,400. एकूण 14,000, म्हणजे घरपोच चौदा रुपये किलो. 21 ऑक्टोबरला पंचवीस किलोची चाळीस पोती वाड्याच्या चौकात उतरली. दिवाळी दहा दिवसांवर. पेलेटला पाणी लागलं की ते फुगून परत भुसा होतात, त्यामुळे चौकात ठेवणं अशक्य. पोती गेली बैठकीत, लाकडी पाटांवर, भिंतीपासून वीतभर दूर. वर चादर टाकली. दिवाळीच्या फराळाला आलेले पाहुणे त्यावर बसले. एका आत्याबाईंनी विचारलं, नवा दिवाण केला का?

त्या पहिल्या टनाने आणखी एक धडा दिला. भट्टी तीन तास चालली की आग मंदावायची. राखेचा कप्पा उघडला तर आत राख नव्हती, काचेसारखे, एकमेकांना चिकटलेले खडे. मिस्त्री बघायला आला होता, म्हणाला, "हे तं खंगर झालं, विटाच्या भट्टीत होते तसं." माल सोयाबीनच्या कुटाराचा होता. काडाच्या राखेत सिलिका आणि पोटॅशियम जास्त, त्यामुळे ती कमी तापमानाला वितळते आणि हवेची भोकं बुजवते. कारखान्यात फोन केला. त्यांनी पुढच्या वेळी भुसा आणि पऱ्हाटीचा मिश्र माल दिला, रुपयाने महाग, पण खंगर जवळजवळ बंद झालं. उरलेलं कुटार मी दुसऱ्या मालात मिसळून संपवलं. पोत्याच्या तळाला जमणारा भुगा चाळून काढा, नाहीतर स्क्रू अडकतो. आमचा दोनदा अडकला, दोन्ही वेळा गुरुवारी, पाटोडीच्या दिवशी.

वीज गेली की पंखा थांबतो आणि आतले पेलेट धुमसत राहतात, सगळा धूर घरात. नोव्हेंबरात हे एकदा झालं तेव्हा आम्ही खोकत चौकात पळालो. भट्टीचा पंखा पन्नास वॅटच्या आतच आहे, पेटवणारी तार तेवढी तीनेकशे वॅट घेते आणि तीही सुरुवातीची काही मिनिटं. घरातल्या इन्व्हर्टरवर भट्टीचा प्लग हलवला, काम झालं. बिलात महिन्याला आठ-दहा युनिटांची भर. घरगुती मीटरवर छोटा धंदा करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की महिन्याला 300 आणि वर्षाला 3,600 युनिटांच्या आत असाल तर घरगुती दरच लागतो. आम्ही त्यात बसतो.

आता एक सकाळ, जी सांगायला मला आवडत नाही.

डिसेंबरचा दुसरा आठवडा, थंडी पडलेली. नागपूरची थंडी लोक हसण्यावारी नेतात, पण डिसेंबर 2018 मध्ये इथे पारा साडेतीन अंशांवर गेला होता. तेव्हा आईंचे हात इतके दुखायचे की कणिक मळायला मी एकटीच होते. तर थंडी म्हणून मी स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली होती, दारावर पडदा. पावणेसहाला आई भट्टीजवळ पाटावर शेकत बसल्या होत्या. एकाएकी भिंतीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कर्कश वाजू लागला. हा अलार्म घेताना (2,300 रुपये) मीच नवऱ्याशी भांडले होते, कशाला उगाच खर्च म्हणून. धूर दिसत नव्हता, वास नव्हता. आई म्हणाल्या, "डोकं जड वाटून राह्यलं, झोप येते." मी आधी त्यांना धरून चौकात नेलं, मग खिडक्या उघडल्या, मग भट्टी बंद केली. बाहेर आल्यावर माझेच पाय थरथरत होते. दवाखान्यात दाखवून आणलं, आई ठीक होत्या.

कारण क्षुल्लक होतं. भट्टीतून निघणारा पाइप जिथे वळून वर जातो त्या जोडात महिन्याभराची उडती राख साचून अर्धं तोंड बंद झालं होतं. तिथे साफसफाईसाठी झाकण आहे. विक्रेत्याने सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. आता दर रविवारी ते झाकण उघडते, महिन्यातून एकदा वरून ब्रश ओढते, आणि खिडकीची वरची फळी कायमची काढून टाकली आहे. बाकी सगळ्या गोष्टींत काटकसर करा, अलार्म आणि खिडकी यांत करू नका. धूर दिसत नाही म्हणजे हवा चांगली आहे, असा माझा समज होता, आणि तो मोठा चुकीचा होता.

त्या घटनेनंतर आठवडाभर मी भट्टी पेटवली नाही. 16 डिसेंबरला हिवाळी अधिवेशन सुरू झालं, बंदोबस्ताला बाहेरगावचे लोक आले, डबे साठावर गेले, आणि गॅसच्या दोन शेगड्यांवर ते निघेनात. पहाटे पाचला नवरा उठून माझ्यासोबत स्वयंपाकघरात येऊन बसला. काही बोलला नाही. अलार्मचं टेस्टचं बटण दाबलं, वाजला, मग मी भट्टी पेटवली.

राहिली टाकी. आमच्याकडे कनेक्शनवर तीन निळ्या टाक्या होत्या, एक परत करून अनामत घ्यायची होती. एजन्सीने 2014 चं सब्स्क्रिप्शन व्हाउचर, म्हणजे कनेक्शन घेतानाची अनामतीची पावती, मागितलं. ते सापडलं नाही. मग प्रतिज्ञापत्र. ऑक्टोबर 2024 पासून शंभराचा स्टॅम्प चालत नाही, पाचशेचा लागतो, हे स्टॅम्पवाल्याने सांगितलं. नोटरीचे दोनशे, झेरॉक्स आणि रिक्षा मिळून शंभर. नोव्हेंबरात एकदा निवडणुकीची सुट्टी आडवी आली, एकदा आधारवरच्या नावात आणि गॅसच्या पुस्तकातल्या नावात एक वेलांटी वेगळी निघाली. अनामत मिळते ती व्हाउचरवर त्या काळी लिहिलेली, आजच्या दराने नाही. 24 जानेवारी 2025 ला ती खात्यात आली. त्यातले आठशे तर कागदातच गेले होते. तुमचं व्हाउचर आत्ता उठून शोधा, फोटो काढून ठेवा.

हिशोब असा: भट्टी 29,800, पाइप 11,200, मजुरी 4,500, अलार्म 2,300, विटा आणि फायरक्ले 1,900, टोपी आणि पत्रा 1,300. एकूण 51,000. साडीचं ड्रायक्लीन यात नाही. चांगल्या महिन्यात आता दोन टाक्या आणि साडेतीनशे किलो पेलेट लागतात. पाच टाक्यांचे 9,500 वाचतात, पेलेटला पाच हजार-सव्वापाच हजार जातात. ऑक्टोबरसारखा महिना मध्येच आला तर काहीच वाचत नाही. एक सव्वा वर्षात पैसे निघतील असं वही म्हणते. वहीला खंगर माहीत नाही.

वेळेचं म्हणाल तर पहाटेचा अर्धा तास वाढला. पेटवणं, राख काढणं, पेटी भरणं. ज्यांच्याकडे हाताखाली माणूस नाही आणि दहा-बारा डबेच आहेत, त्यांनी या भानगडीत पडू नये असं माझं मत आहे.

आईंची एक तक्रार मात्र अजून मिटलेली नाही. पेलेट पूर्ण जळून राख होतात, निखारा म्हणून उरत नाही. भरताचं वांगं भाजायला ठेवलं तर ज्योतीवर साल करपते आणि आतून कच्चं राहतं. राखेवर त्या खूश आहेत, पितळेची भांडी पुन्हा राखेने घासली जातात. पण मागच्या रविवारी रोडगे (गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे) करायचे ठरले तेव्हा त्यांनी भट्टीकडे पाहिलंही नाही. चौकात विटा मांडल्या, वरच्या काकांना गोवऱ्या आणायला पाठवलं आणि मला सांगितलं, "तू तुही मशीन पुस, मी इकडं बघते."